वर्धा जिल्ह्यातील परसबाग आणि कोहळे : लागवड, साठवण व पाकपरंपरा – एक विवेचन

बीजशब्द : परसबाग, कोहळे, लाल भोपळा, साठवण, बियाणे-स्वावलंबन, नई तालीम, आहारपरंपरा.

१. प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले की कापूस, खादी आणि सेवाग्राम या तीन गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आज वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर अशा आठ तालुक्यांचा आहे. येथील काळ्या जमिनीने एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ या नावाचा कापूस दूरदेशीच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचविला. मात्र या नगदी पिकाच्या आड घरामागच्या चार हात जागेत एक दुसरी शेती चालत आली. तिची नोंद ना सातबाऱ्यावर होते, ना बाजार समितीच्या दप्तरात. ही शेती म्हणजे परसबाग होय. आणि त्या परसबागेतील सर्वांत आकाराने मोठे, सर्वांत कमी कष्टाचे व सर्वांत अधिक टिकाऊ फळ म्हणजे कोहळे होय.

जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. त्या निमित्ताने कर्ज, सिंचन, कापसाचा भाव या प्रश्नांची चर्चा झाली व ती आवश्यकच होती. परंतु ज्या घरात शेतमाल विकल्याशिवाय भाजी येत नाही, त्या घराच्या ताटाचा प्रश्न या चर्चेत मागे पडला. परसबागेचा लोप हा केवळ एका छंदाचा लोप नसून तो कुटुंबाच्या पोषणाचा, बियाण्यावरील हक्काचा आणि मुख्यतः स्त्रियांनी सांभाळलेल्या ज्ञानाचा लोप आहे. प्रस्तुत लेखात कोहळ्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून वनस्पतिशास्त्र, पोषणशास्त्र, भाषा व इतिहास या चार अंगांनी विषयाची मांडणी केली आहे.

२. नावांचा गुंता : कोहळे, भोपळा आणि डांगर

या विषयाचा अभ्यास करताना प्रथम नावांचा उलगडा करणे आवश्यक ठरते. पुणे-मुंबईकडे ज्याला ‘लाल भोपळा’ म्हणतात, त्यालाच वर्धा-नागपूरकडे ‘कोहळे’ म्हटले जाते. उर्वरित महाराष्ट्रात मात्र ‘कोहळा’ म्हणजे राखाडी-पांढऱ्या सालीचे, पेठ्यासाठी वापरले जाणारे फळ. विदर्भात त्याला ‘पांढरे’ किंवा ‘भुरके’ असे विशेषण लावून वेगळे करतात. ‘डांगर’ हा शब्द राज्याच्या काही भागांत लाल भोपळ्यासाठी रूढ आहे, तर विदर्भात नदीपात्रातील वाड्यांत उन्हाळ्यात पिकणाऱ्या गोड फळाला तो लावला जातो. याखेरीज काशीफळ, गंगाफळ ही नावेही ऐकू येतात.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तीन भिन्न प्रजातींची फळे आहेत. लाल भोपळा म्हणजे मुख्यतः ‘कुकुर्बिटा मॉस्काटा’, पांढरे कोहळे म्हणजे ‘बेनिनकासा हिस्पिडा’ आणि दुध्या भोपळा म्हणजे ‘लॅजेनेरिया सिसेरेरिया’. यांपैकी पांढरे कोहळे व दुधी हे भारतात प्राचीन काळापासून परिचित आहेत. आयुर्वेदातील ‘कूष्मांड’ ते पांढरे कोहळेच. ‘कोहळा’ हा शब्दही ‘कूष्मांड’ या शब्दाच्याच कुळातला मानला जातो. दुधीचे वाळलेले कवच तुंबा म्हणून आणि सतार-तंबोऱ्याच्या भोपळ्यासाठी वापरण्याची परंपरा जुनी आहे.

लाल भोपळा मात्र या मातीतला नव्हे. कुकुर्बिटा या प्रजातीगटाचे मूळ अमेरिका खंडात असून मेक्सिकोतील पुरातत्त्वीय अवशेषांवरून त्यातील एका जातीची लागवड सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे मानले जाते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपीयांचा अमेरिकेशी संबंध आल्यानंतरच बटाटा, मिरची, मका यांच्याप्रमाणे हे फळही भारतात आले. नवे फळ आले तेव्हा लोकांनी त्याला नवे नाव शोधले नाही; घरातले जुने नाव दिले. पश्चिम महाराष्ट्राने दुधीचे ‘भोपळा’ हे नाव त्याला दिले व रंगावरून ‘लाल’ म्हटले. विदर्भाने कूष्मांडाचे ‘कोहळे’ हे नाव दिले आणि मूळ धन्यालाच विशेषण लावावे लागले. पाहुणा घरचा झाल्याची याहून स्पष्ट खूण दुसरी नसेल. पुढे तर अनेक घरांत ते श्राद्धाच्या स्वयंपाकात आणि उपवासाच्या ताटातही स्वीकारले गेले.

मराठी भाषेने या फळांना दिलेली किंमत मात्र दुटप्पी आहे. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ या म्हणीत कोहळा हा मोठ्या लाभाचे प्रतीक आहे. तर परीक्षेत ‘भोपळा मिळणे’ म्हणजे शून्य गुण मिळणे होय. बाजारातही भोपळ्याची गणना स्वस्त, पाहुण्यांपुढे न ठेवण्याच्या भाजीत होते. पोषणाच्या हिशेबात हे शून्य कितपत खरे आहे, हे पुढे पाहता येईल.

३. वर्ध्याची वैचारिक परंपरा आणि परसबाग

परसबागेचा विचार वर्ध्यात केवळ घरगुती राहिला नाही. तो येथे एका विचारसरणीचा भाग बनला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ अशा ग्रामीण आहारातील घटकांचा विचार झाला. १९३५ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिकातून गावात सहज उगवणाऱ्या हिरव्या पाल्याच्या आहारमूल्याकडे वाचकांचे लक्ष वेधले होते. एप्रिल १९३६ मध्ये ते शेगाव येथे राहावयास गेले. हेच गाव १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. आश्रमाच्या एकादश व्रतांपैकी ‘अस्वाद’ या व्रतामुळे तेथील स्वयंपाकात मसाल्यांना स्थान नव्हते. उकडलेली भाजी हा तेथील जेवणाचा नित्याचा भाग होता.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ किंवा मूलोद्योग शिक्षणाची कल्पना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. सूतकताईबरोबरच शेती हाही त्यात मूलोद्योग मानण्यात आला होता. पेरणी, मोजमाप, हिशेब, निसर्गनिरीक्षण व स्वयंपाक यांची सांगड हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. सेवाग्राम येथे २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या ‘आनंद निकेतन’ या शाळेत शेतीकाम व स्वयंपाक ही आजही शिक्षणाची अंगे आहेत.

धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भावे यांनी १९५० मध्ये ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग आरंभिला. पैशावाचून जगावयाचे तर अन्न व भाजी स्वतःच्या श्रमाने पिकविणे क्रमप्राप्त होते. बैलाशिवाय, केवळ मानवी श्रमाने केल्या जाणाऱ्या या शेतीस त्यांनी ‘ऋषिखेती’ म्हटले. या प्रयोगाची व्याप्ती लहान होती, तथापि त्यातून निघणारा प्रश्न आजही लागू पडतो : ज्या कुटुंबाजवळ जमीन आहे, त्याने भाजीसाठी रोख पैशावर किती अवलंबून असावे?

४. लागवड : जमीन, हंगाम व निगा

४.१ जागा व आळे – वर्ध्याची काळी जमीन ओलावा धरून ठेवते. हा गुण कापसाला उपकारक असला, तरी वेलवर्गीय पिकांच्या मुळांशी पाणी साचल्यास ती कुजतात. म्हणून सपाट भुईत बी न टोकता किंचित उंचवट्यावर आळे करणे हितावह ठरते. सुमारे दीड-दोन फूट लांबी-रुंदी-खोलीचा खड्डा घेऊन त्यात चांगले कुजलेले शेणखत व माती समप्रमाणात भरावी आणि भोवतीच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच राहील असे पाहावे. जुन्या घरांत उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवलेला वेल सर्वांत जोमदार असतो, यामागे हेच कारण आहे : भरपूर सेंद्रिय खत आणि निचरा.

४.२ पेरणी – पावसाळी हंगामासाठी मृग नक्षत्राचा पाऊस झाल्यावर, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात, एका आळ्यात तीन-चार बिया साधारण एक इंच खोल टोकतात. उगवणीनंतर जोमदार दोन रोपे ठेवून उरलेली काढून टाकावीत. वेलास मोकळी जागा लागते. दोन आळ्यांत दोन ते तीन मीटर अंतर असावे. जागा अपुरी असल्यास वेल कुंपणावर, मांडवावर अथवा कवेलूच्या छपरावर चढविण्याची जुनी रीत आजही उपयुक्त आहे. छपरावरचे फळ चिखलापासून दूर राहते व त्यास वारा मिळतो. पाण्याची सोय असल्यास जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी लागवडही करता येते. सुधारित वाणांपैकी ‘अर्का चंदन’ हा मध्यम आकाराच्या, गोल फळांचा वाण लहान कुटुंबास सोयीचा आहे.

४.३ फुले व परागीभवन – ‘वेलाला फुले येतात, पण फळे धरत नाहीत’ ही सार्वत्रिक तक्रार आहे. तिचे उत्तर फुलांच्या रचनेत आहे. या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. आरंभीची फुले बहुधा नर असतात. ती गळून पडणे स्वाभाविक आहे. मादी फुलाच्या खाली सुरुवातीपासूनच लहानसे फळ दिसते. फुले पहाटे उमलतात व सकाळी उशिरा मिटतात. एवढ्याच वेळात मधमाश्यांनी नर फुलातील पराग मादी फुलावर पोहोचवावा लागतो. सतत पाऊस असल्यास किंवा आसपास कीटकनाशकाची फवारणी झाल्यास मधमाश्या फिरकत नाहीत आणि कोवळे फळ पिवळे पडून गळते. अशा वेळी सकाळी ताजे नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील परागकेसर मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. खुडलेल्या नर फुलांची भजीही उत्तम होतात. मात्र मधमाश्यांसाठी काही फुले वेलावर राखावीत.

४.४ कीड व रोग – रोप दोन-चार पानांचे असताना तांबडे भुंगेरे पाने कुरतडतात. सकाळी दव असताना पानांवर चाळलेली राख धुरळणे हा त्यावरील पारंपरिक उपाय आहे. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते व आतील अळ्यांमुळे फळ कुजते. कोवळे फळ कापडाने वा कागदाने झाकणे, किडलेली फळे वेलाखाली पडू न देता खोल पुरणे आणि ‘क्यू ल्यूर’ गंधसापळा टांगणे हे तीन उपाय एकत्र केले असता उपद्रव कमी होतो. पावसाळा संपताना पानांवर पिठासारखी बुरशी दिसते, ती भुरी होय. दाटी टाळणे, खालची रोगट पाने काढणे व पाणी पानांवर न टाकता मुळाशी देणे यांमुळे ती आटोक्यात राहते. रसशोषक किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करावी, म्हणजे मधमाश्यांना इजा पोहोचत नाही.

५. काढणी व साठवण : वर्ध्याच्या ऋतुचक्राचा उपयोग

कोहळ्याचे खरे मोल त्याच्या टिकाऊपणात आहे. पालेभाजी दिवसभरात सुकते, टोमॅटो आठवड्यात जातो. परंतु नीट पिकलेले कोहळे कोणत्याही यंत्राशिवाय दोन-तीन महिने सहज टिकते. यासाठी तीन गोष्टींचे भान हवे.

पहिली गोष्ट पक्वतेची. पेरणीनंतर साधारण चार महिन्यांनी फळ पक्व होते. सालीत नख रुतेनासे झाले, देठ वाळून खरखरीत झाला, हिरवा रंग जाऊन पिवळसर-तांबूस छटा आली आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येऊ लागला, म्हणजे फळ तयार समजावे. पितृपक्षात व नवरात्रात कापली जाणारी अर्धवट पिकलेली फळे भाजीस चालतात; पण साठवणीस ती चालत नाहीत.

दुसरी गोष्ट काढणीची. फळ ओढून न तोडता धारदार विळ्याने दोन-तीन इंच देठ राखून कापावे आणि उचलताना देठाला धरू नये. देठ तुटला की तेथे उघडी जखम राहते व बुरशीला वाट मिळते. ‘विळ्या-भोपळ्याचे सख्य’ ही म्हण वैराची असली, तरी काढणीच्या वेळी तरी विळा हाच भोपळ्याचा हितकर्ता ठरतो. काढल्यानंतर आठ-दहा दिवस फळे कोरड्या, हवेशीर, उबदार जागी ठेवावीत. या काळात साल अधिक कठीण होते व बारीक ओरखडे भरून येतात. वर्ध्यात ऑक्टोबरच्या उष्म्यात हे काम निसर्गतःच होते. केवळ अवकाळी पाऊस व दव यांपासून फळे झाकणे पुरते.

तिसरी गोष्ट साठवणीच्या जागेची. शास्त्रीय शिफारशीनुसार पिकलेल्या भोपळ्यास १० ते १३ अंश सेल्सिअस तापमान आणि मध्यम कोरडी हवा मानवते. १० अंशांखाली फळाच्या पेशींना थंडीची इजा होते, म्हणून अखंड फळ शीतकपाटात ठेवणे चूक आहे. उलट तापमान ३५ अंशांपुढे गेले की आतील गर झपाट्याने सुकून तंतुमय होतो. वर्ध्यातील नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या दृष्टीने सर्वांत अनुकूल आहे. रात्री थंड, दिवस सुसह्य व हवा कोरडी. मार्चपासून पारा चढू लागतो व मे महिन्यात तो ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे दिवाळीपूर्वी काढलेले कोहळे संक्रांतीपर्यंत निर्धास्तपणे वापरावे व होळीपूर्वी संपवावे, असा व्यवहार्य नियम सांगता येईल.

मातीच्या घरातील माळा, आढ्याला टांगलेले शिंके, तुराट्यांच्या ताट्यावर अंथरलेले गवत ही साठवणीची साधने जागा वाचविण्यापुरती नव्हती. फळाच्या चहूबाजूंनी हवा खेळावी, भुईचा ओलावा लागू नये व उंदीर पोहोचू नयेत, हे त्यामागील शास्त्र होते. सिमेंटच्या घरातही लाकडी फळीवर किंवा खाटेखाली गोणपाट अंथरून, दोन फळे एकमेकांस न चिकटवता, पिकणाऱ्या केळ्यांपासून दूर ठेवल्यास तोच परिणाम साधतो. साठवणीपूर्वी फळ धुऊ नये. आठवड्यातून एकदा प्रत्येक फळ पाहावे. ज्यावर मऊ डाग दिसेल ते प्रथम कापावे. कापलेली फोड मात्र बिया व तंतू काढून शीतकपाटात ठेवावी व तीन-चार दिवसांत संपवावी.

पांढऱ्या कोहळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या सालीवर येणारा पांढरा, मेणचट थर हे नैसर्गिक आवरण असल्याने ते लाल कोहळ्याहून अधिक काळ टिकते. म्हणूनच ते उन्हाळ्यापर्यंत राखून, त्याचा कीस उडदाच्या वा मुगाच्या वाटलेल्या डाळीत मिसळून सांडगे घालण्याची पद्धत रूढ झाली. लाल कोहळे हिवाळ्याच्या थंडीवर टिकते, तर पांढऱ्या कोहळ्याचा सांडगा उन्हाळ्याच्या उन्हावर वाळतो. वर्ध्याच्या तीव्र हवामानाचे दोन्ही टोकांचे गुण असे घरच्या साठवणीत कामी आलेले दिसतात.

६. पाकपरंपरा व पोषणमूल्य

कोहळ्याच्या गरात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते व ऊष्मांक अल्प असतात. या कारणाने त्यास ‘सत्त्वहीन’ ठरविण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु त्याचा केशरी रंग हा कॅरोटिन वर्गातील रंगद्रव्यांचा असून त्यांतील बीटा-कॅरोटिनचे शरीरात ‘अ’ जीवनसत्त्वात रूपांतर होते. २०१६-१८ मध्ये झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील एक ते चार वर्षे वयोगटातील सुमारे १८ टक्के बालकांत ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. या जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे अंधत्व टाळण्यासाठी भारतात १९७० पासून राष्ट्रीय कार्यक्रम राबविला जात आहे. औषधी मात्रेचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि जे तत्त्व घरामागच्या वेलावर लोंबते आहे, ते ताटात येत नसेल तर तो आहारशिक्षणाचा पराभव मानावा लागेल. साठवणीच्या काळात फळातील पिष्टाचे काही अंशी साखरेत रूपांतर होते व कॅरोटिनचे प्रमाणही वाढू शकते. त्यामुळे महिनाभर मुरलेले कोहळे अधिक गोड लागते.

बीटा-कॅरोटिन हे स्निग्ध पदार्थात विरघळते. शरीरात त्याचे शोषण होण्यासाठी त्याच जेवणात थोडे तेल, तूप वा दाणे असणे आवश्यक असते. या कसोटीवर वैदर्भी पाककृती पाहिल्या असता त्यांमागील शहाणपण लक्षात येते.

‘बाकर भाजी’ हा त्यांतील विशेष प्रकार. कोहळ्याच्या सालीसह मोठ्या फोडी करतात. खसखस, सुके खोबरे व चारोळी भाजून वाटतात, हेच ‘बाकर’. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद, तिखट घालून फोडी परतावयाच्या, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावयाच्या व शेवटी बाकर, चिंचेचा कोळ, गूळ आणि मसाला घालावयाचा. फोड मोडू न देता शिजविणे यात कौशल्य आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद, जिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ती या फोडणीत असल्यास पदार्थ पूर्णतः जिल्ह्याचा ठरतो. फोडणीच्या तेलाबरोबर खसखस व खोबऱ्यातील स्निग्धांशही कॅरोटिनच्या शोषणास साह्य करतो. वाफेवर शिजविल्यामुळे पाणी ओतून टाकावे लागत नाही व पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे वाया जात नाहीत.

‘कोहळ्याचे बोंड’ हा गोड पदार्थ. कोहळ्याचा कीस वाफवून त्यात गूळ विरघळवितात. निवाल्यावर वेलची, चिमूटभर मीठ व मावेल तेवढी कणीक घालतात आणि हाताने लहान बोंडे सोडून तेलात तळतात. वेगळे पाणी घालावे लागत नाही; कोहळ्याचेच पाणी पुरते. पश्चिम महाराष्ट्रातील घारगे हे याचेच थापून केलेले भावंड होय. दही घालून केलेले भरीत, दुधातील खीर, कोवळ्या पानांची भाजी व वाळवून सोललेल्या बियांचा मगज असे या वेलाचे जवळजवळ प्रत्येक अंग उपयोगात येते.

आश्रमीय ‘अस्वाद’ आणि घरातील ‘बाकर’ यांत विरोध आहे असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु पोषणाच्या दृष्टीने प्रश्न मसाल्याचा नसून स्निग्धांशाचा आहे. उकडलेल्या कोहळ्याबरोबर ताटात चमचाभर तूप अथवा मूठभर शेंगदाणे असले तरी हेतू साध्य होतो. याउलट तेलात बुडालेली भाजी ही चवीची गरज असू शकेल, पोषणाची नव्हे.

एक सावधगिरी येथे नमूद करणे आवश्यक आहे. या कुळातील फळांत क्वचित ‘कुकुर्बिटासिन’ ही कडू व विषारी द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण होतात. दुधीच्या कडू रसाने विषबाधा झाल्याच्या घटनांनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागणारा रस न पिण्याचा इशारा दिला होता. शिजविल्याने हा कडूपणा जातो असे समजू नये. स्वयंपाकापूर्वी कच्च्या फोडीचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहण्याची जुन्या गृहिणींची सवय शास्त्रशुद्ध असून कडू फळ टाकूनच द्यावे व त्याचे बीही ठेवू नये.

७. बियाण्याचा प्रश्न

पूर्वी कापूस, ज्वारी व तुरीच्या ओळींत, तसेच शेताच्या धुऱ्यावर बरबटी, काकडी, कोहळे यांच्या बिया टाकल्या जात. निंदणाला गेलेली स्त्री परतताना ओटीत भाजी घेऊन येई. अमेरिकेतील मूलनिवासी समाजांत मका, घेवडा व भोपळा ही तीन पिके एकत्र घेण्याची जी प्रसिद्ध पद्धत होती, तिच्याशी हे साम्य लक्षणीय आहे. १९८०-९० च्या दशकांपासून सोयाबीनचे क्षेत्र वाढले. सलग पेरणी व रुंद पानांच्या तणांवर फवारली जाणारी तणनाशके यांमध्ये वेलाला स्थान उरत नाही. कारण तणनाशकाला तण व कोहळ्याचा वेल यांतील भेद कळत नाही. अशा रीतीने शेतातून हद्दपार झालेल्या कोहळ्याचा शेवटचा आसरा परसबाग हाच उरला आहे. तेथील वेल संपला तर स्थानिक बी संपेल.

बी राखण्याचे तंत्र अवघड नाही. पण त्यात एक बारकावा आहे. एकाच प्रजातीचे दोन वाण जवळ असल्यास मधमाश्या त्यांचा संकर घडवून आणतात. त्या वर्षीच्या फळाच्या गरात फरक दिसत नाही. तो दुसऱ्या वर्षी त्या बियांपासून आलेल्या वेलावर प्रकटतो. म्हणून बियाण्यासाठी राखावयाच्या मादी फुलाची व त्याच वाणाच्या नर फुलाची कळी आदल्या सायंकाळी दोऱ्याने हलकेच बांधावी, सकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधावे व देठाला खुणेचा रंगीत दोरा लावावा. पूर्ण पिकलेले फळ काढणीनंतर दोन-तीन आठवडे राहू द्यावे. नंतर भरीव बिया धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून, राखेत मिसळून मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवाव्यात. पांढरे कोहळे व दुधी या भिन्न प्रजाती असल्याने लाल कोहळ्याशी त्यांचा संकर होण्याची भीती नाही.

कायद्याचे पाठबळही येथे आहे. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विनाछाप विकण्याचा हक्क आहे. परंतु संकरित वाणाचे बी पुढील पिढीत एकसारखे उतरत नाही. त्यामुळे हा हक्क व्यवहारात भोगावयाचा तर राखण्याजोगे स्थानिक बी हाती असावे लागते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक बियाण्यांची जी जपणूक केली व ज्यासाठी त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, ते कार्य याच अर्थाने मार्गदर्शक आहे.

८. महाविद्यालयांची भूमिका

केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. शाळांच्या पातळीवर सुरू झालेल्या या प्रयत्नांना उच्च शिक्षणाची जोड मिळाल्यास अभ्यासाचे एक समृद्ध क्षेत्र खुले होऊ शकते. वनस्पतिशास्त्र विभागास स्थानिक वाणांची नोंद व परागीभवनाचे निरीक्षण, गृहअर्थशास्त्र विभागास पाककृतींचे पोषणविश्लेषण, मराठी विभागास ‘कोहळे-डांगर-भोपळा’ या शब्दांचा बोलीनिहाय नकाशा, अर्थशास्त्र विभागास परसबागेमुळे वाचणाऱ्या रोख खर्चाची मोजणी असे विषय हाती घेता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून वृद्ध स्त्रियांकडील बियांची व त्यांविषयीच्या माहितीची नोंद करता येईल. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राचे तांत्रिक साह्य या कामी घेणे शक्य आहे. असे काम करताना माहिती देणाऱ्या स्त्रियांना केवळ ‘प्रतिसादक’ न मानता ज्ञानधारक मानले जावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

९. निष्कर्ष

१) ‘कोहळे’ या एका शब्दाखाली वर्धा परिसरात परदेशातून आलेल्या फळाचे पूर्ण स्वदेशीकरण झालेले दिसते, संशोधनात प्रजातीचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय स्थानिक नावावर विसंबू नये.

२) वर्ध्याचे ऋतुमान कोहळ्याच्या काढणीस, मुरवणीस व हिवाळी साठवणीस अनुकूल असून होळीपर्यंत कुटुंबास भाजीचा आधार विनाखर्च मिळू शकतो.

३) बाकर भाजीसारख्या पारंपरिक पाककृती स्निग्धांश व वाफेचा वापर या दोन्ही दृष्टींनी पोषणशास्त्राशी सुसंगत आहेत.

४) सलग पीकपद्धती व तणनाशके यांमुळे शेतातील वेलवर्गीय मिश्रपिकांना स्थान उरत नाही, स्थानिक बियाण्याचे रक्षण आता मुख्यतः परसबागेवर अवलंबून आहे.

१०. समारोप

कोहळ्याचा वेल कर्जाचा प्रश्न सोडवीत नाही आणि कापसाला भावही मिळवून देत नाही. परंतु ज्या वर्षी कापूस हातचा जातो, त्या वर्षीही माळ्यावर चार कोहळी असतील तर त्या घरातील मुलांच्या ताटात भाजी असते. एवढ्या साध्या सुरक्षिततेसाठी लागतात ते घरामागचे एक आळे, मूठभर बी आणि ते केव्हा टोकावे, केव्हा तोडावे व कसे राखावे याचे ज्ञान. जागा अजून आहे, बीही काही घरांत अजून आहे. ज्ञान मात्र ज्यांच्याजवळ आहे त्या पिढीबरोबर झपाट्याने मावळत आहे. ते लिहून घेणे व पुन्हा मातीत उतरविणे हे काम वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील विद्वज्जनांनी अग्रक्रमाने हाती घ्यावयास हवे.